निंजाची भूल आणि माझा खड्डा

आमच्या घरात जपान शिरला तो मोबाईलमधून, आणि तोही हिंदी बोलत. धान कापणीला आलं होतं. मी धानाच्या बांधीतून परत यायचो, हातपाय धुऊन ओसरीत टेकायचो, तर आठवीतली आमची मुलगी भिंतीला पाठ लावून निंजांची मारामारी बघत बसलेली. काळे कपडे, झाकलेली तोंडं, या छपरावरून त्या छपरावर उड्या. मी म्हणायचो, "तोंडाले फडकं बांधलं का झाला निंजा? मंग मे महिन्यात आरमोरीच्या बाजारात सारे निंजाच फिरून राह्यले!" ती हसायची नाही. निंजांच्या बाबतीत तिला थट्टा चालत नसे.

एक दिवस मात्र मीच तिच्या मोबाईलपाशी अडकलो. पडद्यावर एक निंजा नुसता उभा होता. हातात सुरी, समोर शत्रू, आणि हा डोळे उघडे ठेवून जागच्या जागी थिजलेला.

"याले काय झालं? लकवा मारला का?"

"बाबा, त्याच्यावर भूल टाकली हाये. त्याले वाटून राह्यलं का आपण घरी हाओ. खरं तं थो रानात उभा हाये."

"मंग आता कसा सुटंल?"

या प्रश्नाचीच ती वाट पाहत असावी. मोबाईल बाजूला ठेवून तिनं मला सगळं शास्त्र समजावलं. निंजाच्या अंगात एक शक्ती वाहत असते. भूल टाकणारा त्या वाहण्यातच हात घालतो, मग डोळे खोटं दाखवतात आणि कान खोटं ऐकवतात. सुटायचं तर आधी ओळखावं लागतं. खोट्या जगात काहीतरी एक गोष्ट चुकलेली असते. सावली भलत्या बाजूला पडते, नाहीतर दिवा जळतो पण वास येत नाही. ते ध्यानात आलं की निंजा आपली शक्ती क्षणभर पार थांबवतो, बोटांची मुद्रा करतो आणि एकदम जोर लावून ती सोडतो. तेही जमलं नाही तर स्वतःला दुखवून घ्यायचं, ओठ चावायचा. आणि काहीच जमलं नाही तर सोबत्यानं येऊन पाठीवर हात ठेवायचा, म्हणजे त्याची शक्ती याच्यात येते आणि भूल तुटते.

"पण सर्वात कठीण भूल कोणती, माहीत हाये?"

"कोणती?"

"जे आवडते थे. तिच्यातून कोणी सुटाले पाहतच नाई."

मी मोबाईल उचलून त्या निंजाकडे पुन्हा पाहिलं. कारण यातलं निम्मं मला माझ्या आज्यानं सांगितलं होतं, आणि त्यानं जपान नकाशातसुद्धा पाहिला नव्हता. आमच्या रानात भुलनवेल असते म्हणतात. तिच्यावर पाय पडला की माणूस रोजची वाट विसरतो आणि त्याच त्या झाडाभोवती फिरत राहतो. सदरा उलटा करून घातला तर कधीकधी सुटतो. नाहीतर दुसऱ्या माणसानं येऊन अंगाला हात लावेपर्यंत सुटका नाही. आजा मोहफुलं वेचायला गेला असताना असाच सापडला होता म्हणे, आणि त्याला हात लावून घरी आणला तो माझ्या आजीनं. मी हे मुलीला सांगितलं, तर तिनं पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. "म्हंजे आपल्याकडं बी हाये!" ती म्हणाली.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगितलं पाहिजे. शेती आहेच, पण दिवाळी ते होळी मी झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर असतो. आमच्याकडे, पूर्व विदर्भात, त्या दिवसांत गावोगावी नाटकं होतात. नट आज या गावी, उद्या त्या गावी, पाठांतराला सवड कोणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा करतात. त्यात ऑर्गनवाला, तबलेवाला आणि वही घेऊन मी. मी वाक्य टाकतो, नट ते उचलतो. माझा आवाज असा की पुढच्या रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. त्याची कोणी तक्रार करत नाही. उलट, "मांगच्याइले एकदाच ऐकू येते, आमाले दोनदा," असं लोक मिरवून सांगतात.

खड्ड्यातून नाटक दिसतं ते पायांच्या बाजूनं. वीसेक वर्षं मी राजांचे फाटके मोजे आणि राण्यांच्या भेगाळलेल्या टाचा पाहत आलो आहे. समोर अख्खं गाव पदर डोळ्यांना लावून रडत असतं आणि मी शांतपणे पान उलटत असतो. नाटकाची भूल मला कधी पडली नाही, आणि याचा मला अभिमान होता. सगळे वेडे झाले तरी एक माणूस शुद्धीवर हवा, असं मी ऑर्गनवाल्याला सांगायचो. तो म्हणायचा, "शुद्धीवरचा माणूस खड्ड्यातच बरा."

तर या आवाजापायी माझ्या मुलीचं एकदा फार वाईट झालं. ती सहावीत असताना शाळेत भाषणांची स्पर्धा होती. मी खिडकीबाहेर उभा. ती दुसऱ्या वाक्यावर अडकली, आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या घशानं तिसरं वाक्य टाकून दिलं. हेडमास्तर ऑफिसातून बाहेर आले. पोरं बाकांवर लोळून हसली. त्यानंतर ती शाळेच्या रंगमंचावर चढली नाही. रंगमंचाचं सोडा, वर्गात उत्तर येत असलं तरी ती हात वर करत नाही, असं बाई सांगायच्या. घरी एवढी बडबडी पोर, शाळेत मुकी. मला त्याचं दुःख होतं, पण दुःखाला कोणी वाक्य टाकून देत नाही.

म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत आपण निंजाचं नाटक करणार असं तिनं सांगितलं, तेव्हा मला हर्ष झाला. मंडई म्हणजे आमच्या गावची जत्रा. शिंगाडे, ऊस, जिलबी, घरोघर पाहुणे, आणि रात्री मोठं नाटक. त्याच रंगमंचावर दुपारी पोरांचे कार्यक्रम असतात. पूर्वी ते संध्याकाळी व्हायचे. आता वाघ गावाच्या अंगाला फिरतो, म्हणून पोरांचं सगळं दिवस बुडायच्या आत उरकतात.

"पण बाबा, तुमी सांगाचं नाई," ती म्हणाली.

"काय सांगाचं नाई?"

"वाक्य. एक अक्षर बी नाई."

"अन् अडली तं?"

"अडली तं अडली."

चुलीपाशी बसलेल्या तिच्या मायनं फुंकणी उचलून माझ्याकडे रोखली. "तोंड उघडसाल तं पाहाच!" म्हणजे माझ्याविरुद्ध दोघी एक झाल्या होत्या. यावेळी निभलं तर पोर वर्गात पुन्हा बोलायला लागेल, आणि पुन्हा अडकली तर कायमची मिटून बसेल, हे आम्हा नवराबायकोला ठाऊक होतं. म्हणून मी शपथ घेतली. खड्ड्यात मात्र मला बसावंच लागणार होतं. ऑर्गनवाल्यानं साफ सांगितलं होतं, "निंजाले कोणता राग लागते, मले काय माहीत? तू खुणा कर." खुणा करायला मुलीची हरकत नव्हती.

नाटक तिनं आणि दोन मैत्रिणींनी मिळून लिहिलं. गावात आजार पसरला आहे आणि एक निंजा मुलगी औषधी मुळी आणायला रानात जाते. वाटेत शत्रू भूल टाकतो. तिला रानाच्या जागी आपलं घर दिसतं, माय ताट वाढून बसलेली दिसते, बाहेर कुठे जायची गरजच नाही असं वाटतं. इथवर झालं आणि तिघींची गाडी अडली. हे खोटं आहे हे निंजानं ओळखायचं कशावरून? सावली उलटी कशी दाखवणार? दिव्याचा वास लोकांना कसा कळणार?

मी म्हटलं, "घरी असतं पण तिथं नाई, असं काई तरी शोधा." मुलगी विचार करत बसली. तेवढ्यात आतून तिची माय ओरडली, "दिवसभर नाटकं! भात गार होऊन गेला. मी काय हॉटेल खोललं का इथी?" मुलगी टुणकन उठली. "सापडलं!" ती म्हणाली. "त्या घरातली माय चिडतच नाई!"

तसंच लिहिलं गेलं. भुलीतली माय तीनदा गोड आवाजात "जेव ना बाई" म्हणते, आणि निंजाला कळतं. वाक्य असं होतं: "माझी माय चिडल्याशिवाय वाढत नाही. हे घर माझं नाही!" मग मुद्रा, मग जोरात "सूट!" आणि ऑर्गनचा मोठा स्वर. तालमीत ते वाक्य ऐकून तिची माय आधी फुगली आणि मग घरोघर जाऊन सांगून आली की नाटकात आपली पण गोष्ट आहे.

मंडईच्या दिवशी दुपारी ताडपत्रीवर गाव जमलं. निंजाचे कपडे म्हणजे मामाची काळी ट्रॅकपँट आणि ओढणीनं बांधलेलं तोंड. मी खड्ड्यात, पहिल्यांदाच वहीशिवाय. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना म्हणून ते मांडीखाली दाबून बसलो. सुरुवात छान झाली. मुलगी उड्या मारत आली, आवाज मोकळा होता, आणि मला तिचे पाय दिसत होते, घट्ट रोवलेले. मग भूल पडली. मैत्रीण लुगडं नेसून ताट घेऊन आली. "जेव ना बाई," ती म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तीनदा म्हणाली.

आणि माझी मुलगी बोलेना.

ती थिजून उभी होती. ओढणीच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते सरळ माझ्याकडे लागलेले. मैत्रिणीनं आपल्या अकलेनं चौथ्यांदा "जेव ना बाई" म्हटलं. वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. हाताच्या अंतरावर तिचे पाय होते. ऑर्गनवाला माझ्याकडे पाहत होता, मी तबल्याकडे पाहत होतो. लोकांना तर यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. भूल पडली म्हणजे माणूस असाच उभा राहणार! मागून एका बाईचा आवाज आला, "अवो, भुलनवेलीवर पाय पडला पोट्टीचा!" दुसऱ्यानं हाक दिली, "कपडे उलटे कर बाई, कपडे उलटे कर!" तिसरा म्हणाला, "उलटे करून काई होत नाई. हात लावा लागते." ताडपत्रीवर यावर चांगलाच वाद सुरू झाला. मी ओठ चावला. निंजा स्वतःला सोडवायला ओठ चावतो. मी चावला तो तिला सोडवू नये म्हणून.

मग पुढच्या रांगेतली एक आजी उठली. मोहफुलं, मोहाची टोळंबी, चारोळी वेचण्यात जिचा जन्म गेला अशी ही आमच्या गावची बाई. आमच्याकडे प्रेक्षकानं रंगमंचावर चढणं नवीन नाही, बक्षीस द्यायला लोक चढतातच, त्यामुळे तिला कोणी अडवलं नाही. कमरेवर हात ठेवून ती पायऱ्या चढली, ताटवाल्या मायकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि माझ्या मुलीच्या पाठीत एक थाप हाणली.

"किती वेळची उभी हायेस वो पोट्टे! गाव बिमार पडून हाये, अन् तू इथी फुकटचं जेवाले थांबली? चाल, नीघ!"

मुलीनं आजीकडे पाहिलं. आधी तिचे खांदे हलले, मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग तिनं ओढणी खाली ओढली, ताटवाल्या मायकडे बोट केलं आणि असा आवाज लावला की तो माझाच वाटावा: "माझी माय चिडल्याशिवाय वाढत नाही! हे घर माझं नाही! सूट!"

ऑर्गनवाल्याला खूण करायची मी विसरलो. त्यानं आपल्या मनानंच स्वर दाबला. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी टोपी उडवली. आजी काही उतरायला तयार होईना. निंजाचा हात धरून तिनं तिला रानातून मुळी आणेपर्यंत सोबत केली, आणि शेवटी नमस्कारालाही ती मधोमध उभी होती.

नाटक संपल्यावर रंगमंचामागे मुलगी उकडलेले शिंगाडे सोलत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. तिनं एक शिंगाडा मला दिला.

"मी काई बोललो नाई," मी म्हटलं. कौतुक करून घ्यायची मला घाई झाली होती.

"माहीत हाये."

"वाक्य विसरली होती ना?"

"नाई बाबा. वाक्य तं आठवत होतं."

"मंग काऊन उभी राह्यली?"

ती शिंगाडा चावत राहिली. मग म्हणाली, "तुमी समोर दिसले. वाटलं, बाबा हायेत, बाबा सांगतील. मंग थेच वाटत राह्यलं. तोंडच उघडेना." तिनं माझ्याकडे तिरकं पाहिलं. "माह्यावरची भूल तुमीच होते, बाबा."

ती हे रागानं म्हणाली नाही. एखादा पाहुणा घरी केव्हा आला ते सांगावं इतक्या सहज म्हणाली. मी मान खाली घालून दुसरा शिंगाडा सोलायला घेतला. पण मनात कुठेतरी बरंही वाटलं. जी भूल आवडते ती सर्वात कठीण, हे तिनंच मला शिकवलं होतं ना!

त्यानंतर महिनाभरात बाईंनी सांगितलं की तुमची मुलगी आता वर्गात हात खाली घेत नाही, दुसऱ्यांना बोलू देत नाही, जरा समजावा. मी म्हटलं, ते मला जमणार नाही.

मागच्या मंडईला पुन्हा निंजाचं नाटक होतं. यावेळी लिहिलेलं तिचं एकटीचं. सकाळीच तिनं मला हुकूम केला, "तुमी खड्ड्यात बसाचं नाई. तिकडं बसा, मायजवळ." ऑर्गनवाल्याला खुणा करायला तिनं मैत्रीण नेमली. तोही म्हणाला, "जा बाप्पा, एकदा तरी माणसात बस." म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ताडपत्रीवर बसलो. आजूबाजूला पोरंबाळं, उसाची चिपाडं, समोर पागोटी. तिथून नटांचे पाय दिसत नव्हते. चेहरे दिसत होते.

नाटकातली निंजा आता म्हातारी झाली होती. दूरच्या लढाया संपवून ती खूप वर्षांनी गावी परत येते. अंगणात उभी राहते, मायला हाक मारते. कोणी ओरडत नाही. पुन्हा हाक मारते. कोणी चिडत नाही. ती ओळखते, ही भूल आहे. मुद्रा करते, "सूट!" म्हणते. काही होत नाही. अंगण तसंच राहतं. ओठ चावते, पुन्हा "सूट!" म्हणते, आणि अंगण तसंच. मग तिचा हात हळूहळू खाली येतो. तिला कळतं की घर खरं आहे, भूल कुठेच नाही, फक्त चिडणारी माय आता राहिली नाही. ती चुलीपाशी बसते, फुंकणी उचलते, आणि रिकाम्या घराला आपणच ओरडून सांगते, "भात गार होऊन गेला!"

मला माझी आजी आठवली, आजा आठवला. समोर माझी मुलगी आहे, तिची ट्रॅकपँट मामाची आहे, केसांवरचं पांढरं म्हणजे पावडर आहे, हे काही मला माहीत उरलं नाही. एक म्हातारी बाई एकटी चुलीपाशी बसली होती आणि मी ढसाढसा रडत होतो. पडदा पडला. टाळ्या झाल्या. लोक उठले, चपला शोधू लागले. मी बसूनच होतो. माझ्या लेखी ती बाई अजून तिथंच होती, आणि तिला टाकून निघायचं कसं हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात पाठीवर एक भक्कम थाप पडली.

"अवो, उठा! लोक घरी निघाले, दिवस बुडून राह्यला, अन् हे लहान लेकरावानी रडून राह्यले! घरी पाहुणे हायेत, भात कोण वाढंल, तुमचा बाप?"

मी वर पाहिलं. पदर खोचून, डबा हातात घेऊन मुलीची माय उभी होती, चांगली चिडलेली. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरूनच उठलो. हे घर माझंच होतं.